आधी शिट्टी ऐकवा, मग सूत्र लिहून घ्या

महोदय,

माझी नात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचं जर्नल चाळत होतो. पीसीएमच्या (आवाजाचे ठरावीक वेळाने नमुने घेऊन त्यांचे आकडे करण्याच्या) प्रयोगाखाली सुबक आकृती, सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, गुणाकार ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट) आणि खाली सरांची सही. विचारलं, "आठ हजारच का गं?" म्हणाली, "आबा, तसंच दिलंय."

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली. तांब्याच्या दोन जोड्यांवरून आम्ही एका वेळी ३० बोलणी पाठवायचो. त्या प्रवाहाला नुसतं 'दोन एमबी' म्हणायचं. फोनवर आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झपुरताच सोडायचा ही कात्री ॲनलॉगच्या दिवसांतली. ('स' आणि 'फ' यांत घोळ होतो तो त्यामुळेच.) नमुने सर्वांत उंच सुराच्या दुपटीहून जास्त लागतात; ३,४०० च्या दुपटीहून जरा सढळ हाताने घेतले, म्हणून ८,०००. म्हणजे डिजिटलचा हा आकडा ॲनलॉगच्या पोटातून आलेला. आणि तिच्या कॉलेजात म्हणे ॲनलॉगची दोन युनिट दोन आठवड्यांत उरकली, 'आता कोण वापरतं' म्हणून!

प्रयोगशाळेतला किट मी पाहिला आहे. बंद डबा, वर छापील आकृती, पॅचकॉर्ड कुठे खोचायची त्याचे नंबर. एक जण खोचतो, बाकीचे रीडिंग उतरवतात. त्याच किटवर पाच मिनिटांचा एक खेळ करता येईल. नमुने सेकंदाला ८,००० ठेवा, अलीकडचा, उंच सूर अडवणारा फिल्टर काढा आणि ५,००० हर्ट्झची शिट्टी सोडा. पलीकडच्या स्पीकरमधून ३,००० ची शिट्टी येते. सोडली एक, आली भलतीच! हे ज्यानं कानानं ऐकलं, त्याला नायक्विस्टचा हा दुपटीचा नियम पाठ करावा लागत नाही.

घरी मी नातीला साधा ट्रान्झिस्टर दिला. मीडियम वेव्हवर पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, आणि शेजारी मिक्सर चालू. नुसती खरखर. मग एफएम लावलं, आवाज स्वच्छ. "मिक्सर तर तोच आहे," ती म्हणाली आणि आपण होऊन पुस्तक काढून बसली. चटणी मात्र तशीच भांड्यात राहिली.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला एवढीच विनंती: तोंडी परीक्षेत एक प्रश्न तरी ऐकवून विचारा.

– एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, पुणे