हात दाखवला म्हणजे नेमकं काय केलं?

संपादक साहेब, नमस्कार.

आपला पेपर आमच्या घरी वडिलांपासून येतो. मी तो बदलापूरहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये वाचतो आणि वाचून झाला की तोच पेपर बॅगेवर पसरून आमचा चौघांचा मेंढीकोट चालू होतो, त्यामुळे पेपर आणि पत्ते दोन्ही रोजचेच. गेल्या आठवड्यात परदेशातल्या वाटाघाटींच्या एका बातमीत वाक्य होतं की अमुक देशाने 'अजून आपला हात दाखवलेला नाही'. माझ्या भिडूने ते वाचून विचारलं, कोणाला दाखवायचाय, ज्योतिषाला का? तो मस्करी करत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि हा माणूस वीस वर्षं पत्ते खेळतोय.

कारण सरळ आहे. इंग्रजीत पत्त्यांमधला हँड म्हणजे वाटून आपल्याकडे आलेली पानं. आपल्याकडे हात म्हणजे ते नाहीच. चौघांची चार पानं पडली आणि ज्याचं मोठं त्याने उचलली, तो झाला हात. 'हा हात माझा', 'आमचे सात हात झाले' असंच आपण बोलतो ना, म्हणजे इंग्रजीतली ट्रिक हा आपला हात आणि त्यांचा हँड म्हणजे आपली पानं. आणि खेळाबाहेर हात दाखवणं म्हणजे एकतर भविष्य बघणं नाहीतर कोणाला तरी चोप देणं, शिवाय हात दाखवून अवलक्षण आहेच. तिथे 'पत्ते उघड केले नाहीत' लिहिलं असतं तरी अख्ख्या डब्याला कळलं असतं, नाहीतर 'ताकास तूर लागू देत नाहीयेत', त्यात पत्ते नाहीत पण अर्थ बरोब्बर तोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंग्रजी वाक्प्रचार पत्त्यांचा असला तर आधी तो खेळातली कुठली चाल सांगतोय ते बघा आणि मग आपण तिथे काय बोलतो ते लिहा, शब्दाला शब्द लावू नका. आता फॉलो सूट घ्या. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचं पान टाकायचं, आपल्यातही तेच, हातात रंग असून दुसरं पान टाकलं तर भांडण ठरलेलं. पण एका बँकेने व्याजदर उतरवला आणि बाकीच्यांनीही उतरवला तर तिथे रंगबिंग काही आणायची गरज नाही, 'बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला' म्हटलं की झालं. ऑन द कार्ड्स असेल तर 'घाटतंय' किंवा 'चिन्हं आहेत'.

पास द बक मला स्वतःला फार आवडतो. जुन्या अमेरिकेत पोकर खेळताना पानं वाटायची पाळी कोणाची ते कळावं म्हणून त्याच्यासमोर एक वस्तू ठेवायचे, तिला बक म्हणायचे, आणि वाटायचं नसेल तर ती पुढच्याकडे सरकवायची. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर १९४५ पासून 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती, म्हणजे जबाबदारी माझ्यापाशी थांबते, पुढे कोणाकडे सरकवणार नाही. बक म्हणजे इंग्रजीत हरीणही होतं, पण ह्यातल्या बकचं हरीण केलं की सगळं संपलं, आणि असं केलेलं मी वाचलंय. एका सहीसाठी चार खिडक्या फिरलेल्या कोणालाही विचारा, तो लगेच म्हणेल टोलवाटोलवी. अंगावरचं झुरळ झटकणं तर त्याहून नेमकं आहे.

ट्रम्प कार्डबद्दल तर बोलायलाच नको. हुकमाचा एक्का आपल्याकडे घरोघरी असताना ट्रम्प कार्ड कशाला छापायचं, आणि त्या नावाचा माणूस तिकडे राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून तर हेडलाईनचे दोन दोन अर्थ निघतात. पत्त्यांचा बंगला मात्र जसाच्या तसा चालतो कारण तो आपण सगळ्यांनी लहानपणी बांधलाय, अशा ठिकाणी माझी काहीच तक्रार नाही.

शेवटचं आणि जरा महत्त्वाचं. रविवारच्या अनुवादित लेखात 'इस्पिकला इस्पिक म्हणायची हिंमत' असं आलंय. मूळ इंग्रजी म्हण 'कॉल अ स्पेड अ स्पेड', म्हणजे जे आहे ते स्पष्ट बोलणं, आणि तिचा पत्त्यांशी काडीचा संबंध नाही. मूळ ग्रीकमध्ये ते भांडं होतं, काठवटीसारखं, सोळाव्या शतकात इरॅस्मस ह्या डच विद्वानाने लॅटिनमध्ये आणताना त्याचं जमीन खणायचं अवजार केलं आणि १५४२ च्या इंग्रजी भाषांतरात ते स्पेड झालं, म्हणजे आपली कुदळ-फावडं ह्यातलं काहीतरी. पत्त्यांमधला स्पेड वेगळाच, तो तलवारीच्या इटालियन शब्दावरून आलाय. म्हणजे तिथे नुसतं 'आडपडदा न ठेवता बोलायची हिंमत' हवं होतं. रात्री बातम्या घाईत लावाव्या लागतात हे मला माहितीये, पण हा लेख घाईतला नव्हता, तेव्हा निदान ह्या एका वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती.

आपला एक रोजचा वाचक,
बदलापूर