पठाराला मर्यादा आहे, मग रस्त्याला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या आंतरराष्ट्रीय पर्यटनाच्या आराखड्यावरची कालच्या अंकातली पानभर बातमी वाचली. परदेशी पाहुण्यांसाठी खोल्या, रुंद रस्ते, सेल्फी पॉइंट, सगळं तपशिलात आलं आहे. फुलांच्या कास पठाराभोवतीच्या कास, एकीव, आटाळी, कासाणी आणि पलीकडे बामणोलीकडच्या गावांना यातलं काय हवं आणि काय नको, यावर मात्र एक ओळ नाही. आपल्या दैनिकाची मी जुनी वाचक आहे, त्या हक्काने हे लिहिते.

माझी थोरली बहीण बामणोलीकडच्या एका गावात दिली आहे. कोयनेच्या धरणात ज्यांची खोऱ्यातली जमीन गेली, त्यांच्यातलंच तिचं सासर. ऐन सप्टेंबरातल्या एका रविवारी तिच्या सासूबाई अंगणात शेवाळावर घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दाजींनी गावातलं वडाप थांबवलं, मधल्या सीटवर वाकळ टाकून म्हातारीला आडवं केलं आणि निघाले. कासपर्यंत गाडी नीट आली. पठाराच्या अलीकडे जी थांबली ती थांबलीच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लावलेल्या, मधून जेमतेम एक वाहन जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेत समोरासमोर दोन मोटारी अडलेल्या. दाजी उतरून एकेकाला हात जोडत होते. एकाने काच खाली घेऊन सांगितलं, "आम्ही ऑनलाइन तिकीट काढून आलोय, आमची वेळ निघून जाईल." मागे म्हातारी कण्हत होती, ते त्याला ऐकू जात होतं. एरवी तासाभरात उतरता येतो तो रस्ता, त्या दिवशी साताऱ्यात पोचेपर्यंत अंधार पडला. सासूबाई आता वॉकर धरून चालतात. त्यांचं वय झालंय, हाड तसंही नीट जुळलं नसतं, असं लोक समजुतीने म्हणतात. मला ते पटत नाही, आणि पटलं तरी त्या दुपारचं कोणी काय करणार?

त्या माणसावर माझा राग आहेच, पण त्याला तिकीट देणाऱ्या व्यवस्थेवर जास्त आहे. पठारावर दिवसाला तीन हजार माणसांचीच मर्यादा आहे. ती योग्यच आहे. कासचा जांभा खडक वरून उघडा, त्यावर मातीचा थर बोटभर. तेरडा, गेंद, सीतेची आसवं त्या मातीत पावसाच्या भरवशावर उगवतात. पाऊल पडलं की तेवढा तुकडा गेला. फुलांची अशी मोजणी करणाऱ्यांना रस्त्याची मोजणी का करता येत नाही? तिकीट न मिळालेलेही गाडी काढून येतातच. तलावाकडे जातात, धाब्यावर बसतात, कुठल्याशा वळणावर फोटो काढतात. फाटकावर माणसं मोजली म्हणजे गर्दी आटोक्यात आली, असं आराखडा करणाऱ्यांनी कृपा करून समजू नये.

व्हेनिसचंच बघा. दिवसापुरत्या येणाऱ्यांना तिथे २५ एप्रिल २०२४ पासून पाच युरो प्रवेशशुल्क लावलं, पुढच्या वर्षी उशिरा नोंदणी करणाऱ्यांना दहा. तरी गर्दी हटली नाही, ही तिथल्याच रहिवाशांची तक्रार आहे. थायलंडने माया बे हा समुद्रकिनारा जून २०१८ मध्ये सरळ बंद केला आणि जानेवारी २०२२ पर्यंत उघडला नाही. त्याआधी दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं तिथे उतरत होती. उघडल्यावर बोटींना त्या खाडीत शिरायलाच बंदी केली, माणसं मागच्या बाजूने उतरून चालत येतात. पर्यटनावर पोट असलेल्या देशाला हे जमतं. आपल्याला खासगी गाड्या साताऱ्यातच थांबवून तिथून वर बस सोडायला काय अडचण आहे? पठाराजवळ वाहनतळ करून तिथून बस सोडणं म्हणजे सगळी गर्दी आधी घाट चढवून आणणं. ते उपयोगाचं नाही.

जागतिक वारसा हा शब्द बातमीत ठिकठिकाणी आहे. पश्चिम घाटाची ३९ ठिकाणं २०१२ मध्ये त्या यादीत गेली. त्यातली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आपला प्रतापगडही आला. पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा कातळ संभाव्य यादीत आहे. याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ज्या १९७२ च्या करारावर ही यादी उभी आहे, त्याच्या चौथ्या कलमात देशाचं कर्तव्य लिहिलंय: हा वारसा ओळखायचा, राखायचा, जतन करायचा, लोकांपुढे मांडायचा आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती द्यायचा. पाहुण्यांना दाखवणं त्यात आहे, नाही असं नाही. पण राखणं त्याच्या आधी आहे. आपल्या आराखड्यात आधी खोल्या आहेत.

स्थानिकांना विचारा म्हणते ते भावनेपोटी नाही. पठाराला आधी तारेचं कुंपण घातलं आणि गुरं बंद केली. पुढे फुलं कमी झाल्याची ओरड झाली, तेव्हा तेच कुंपण काढलं. गुरं चरली की गवत माजत नाही आणि फुलांना जागा मिळते, हे तिथली गुराखी पोरंसुद्धा सांगत होती. आज याच गावांची समिती तिकिटं आणि वाटाड्यांचं काम बघते, पोरांना हंगामात चार पैसे मिळतात. ते टिकलं पाहिजे. त्यांना नुसतं फाटकावर उभं न करता आराखड्याच्या बैठकीतही बसवा, एवढंच मागणं आहे.

आणि आता आपल्याबद्दल, राग मानू नका. त्या बातमीच्या खालीच अर्ध्या पानाची जाहिरात होती, पठाराच्या पायथ्याला बंगल्यांच्या प्लॉटची. यवतेश्वरचा घाट चढला की दोन्ही बाजूंना उठलेली बांधकामं आपल्या वार्ताहरांना दिसत नाहीत का? गेल्या हंगामात आपल्याच पुरवणीत फुलांत लोळणाऱ्या मुलींचा फोटो रंगीत छापला होता. खाली 'बहरलेले कास' एवढंच. तिथे बसायला मनाई आहे, हे एका ओळीत लिहिलं असतं तरी चाललं असतं. आणि ज्या कास तलावाचं पाणी आम्ही सातारकर पितो, त्याच्या काठावर पडणाऱ्या दारूच्या बाटल्यांचा फोटोही कधीतरी तेवढाच मोठा छापा.

पुढच्या हंगामाला अजून वेळ आहे. शनिवार-रविवारी कास-बामणोली रस्त्याची एक बाजू रुग्णांसाठी, एसटीसाठी आणि गावच्या वडापांसाठी मोकळी ठेवावी, रस्त्यावर लावलेली गाडी उचलून न्यावी आणि याला जबाबदार अधिकाऱ्याचा फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. पत्राची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर व्हेनिस आणि थायलंड काढून टाका, दाजींच्या गाडीचं मात्र पूर्ण छापा.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा
(नाव छापू नये, ही विनंती)