रेडिओ दुर्बिणींच्या लेखात सिडनी आणि कल्याण कुठे गेलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रेडिओ दुर्बिणींवरचा लेख वाचला. लेख छान होता, रेडिओ दुर्बिणींची सुरुवात करणाऱ्या जान्स्की आणि रेबरची गोष्ट तर मस्तच सांगितलीय, पण त्यानंतर गाडी जी सुटली ती केंब्रिजला थोडी थांबून थेट पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीलाच आली. मधलं सिडनी गायब, कल्याण गायब. आणि चौकटीत ठळक टायपात काय, तर 1955 साली केंब्रिजच्या यादीत 1936 रेडिओ स्रोत, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी पाठवणाऱ्या जागा, सापडले. आता याच आकड्यावरून तेव्हा केवढं रामायण झालं होतं ते माहीत असलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

मुळात एकच मोठी डिश का नाही उभारत, रांगाच्या रांगा अँटेना कशाला लागतात, हे लेखात यायला हवं होतं. रेडिओ लहरींची लांबी मीटरमध्ये असते आणि दुर्बिणीला किती बारीक दिसणार ते लहरीच्या मानाने ती किती रुंद आहे यावर ठरतं. साडेतीन मीटरच्या लहरीवर आपल्या साध्या डोळ्याइतकं स्पष्ट दिसायला पाहिजे असेल तर साधारण 12 किलोमीटर रुंदीची डिश लागेल, ती कोण बांधणार? म्हणून मग छोट्या छोट्या अँटेना लांबवर मांडायच्या आणि त्यांचे सिग्नल केबलने एकत्र आणायचे. सिडनीत बर्नार्ड मिल्स यांनी हाच विचार टोकाला नेला. त्यांचं म्हणणं, बारीक दिसण्यासाठी लांबी हवी ना, मग मधली सगळी जागा भरत कशाला बसायची? शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर फ्लर्स म्हणून जागा आहे, तिथे त्यांनी 1954 मध्ये अधिकच्या चिन्हासारख्या दोन ओळी टाकल्या, एक पूर्व-पश्चिम, एक दक्षिण-उत्तर, प्रत्येक 1500 फूट लांब. एकेका ओळीला आकाशाची एक लांबट पट्टी दिसते, पण दोन्हीचे सिग्नल एकदा सरळ आणि एकदा उलटे करून जोडले आणि त्यातला फरक काढला की फक्त दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तेवढाच ठिपका उरतो, पाऊण अंशाहून जरासा मोठा. अँटेना जागच्या हलत नाहीत, पृथ्वी फिरते तसं आकाश वरून सरकत जातं, आणि खाली कागदाच्या पट्टीवर पेन वरखाली होत राहतं. अशा पट्ट्या जोडत जोडत दक्षिण आकाशाचा नकाशा झाला, त्यात 2000 च्या वर स्रोत.

आता तो 1936 चा आकडा. केंब्रिजला मार्टिन राइल यांची पद्धत वेगळी होती, त्यांच्या अँटेनांना एका वेळी आकाशाचा बराच मोठा तुकडा दिसायचा. त्या तुकड्यात चार-पाच फिकट स्रोत असले की सगळ्यांची बेरीज होऊन कागदावर एकच उंचवटा यायचा आणि यादीत एक भक्कम स्रोत म्हणून त्याची नोंद व्हायची. राइल यांनी या यादीवरून सांगितलं की फिकट स्रोत अपेक्षेपेक्षा फारच जास्त आहेत. फिकट म्हणजे बहुतेक लांबचे, आणि लांबचे म्हणजे जुन्या काळातले, म्हणजे विश्व पूर्वी वेगळं होतं, म्हणजे फ्रेड होयल वगैरे मंडळींचा स्थिर विश्वाचा, म्हणजे विश्व कायम एकसारखंच असतं हा सिद्धांत संपला. तिकडे सिडनीत मिल्स आणि ब्रूस स्ली यांनी दोन्हीकडून दिसतो तो आकाशाचा पट्टा घेतला, दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि 1957 मध्ये छापून टाकलं की या जुळतच नाहीत, आणि चूक बहुतेक केंब्रिजच्या यादीत आहे. दोन्हीकडून बरीच कडवट बोलाचाली झाली. शेवटी केंब्रिजनेच 1959 मध्ये नवी यादी काढली, त्यात स्रोत किती, तर 471! अर्थात राइल यांचा मूळ मुद्दा पुढे बराचसा खरा ठरला आणि 1974 चं नोबेलही त्यांना हक्काचंच मिळालं, पण म्हणून तो पहिला आकडा चौकटीत 'सापडले' म्हणून छापायचा नसतो.

याच भांडणात आपला माणूसही होता हे लेखकाला कसं आठवलं नाही याचं नवल वाटतं. 1961 मध्ये राइल यांनी नवी मोजणी पुढे केली तेव्हा होयल यांच्या बाजूने लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायला उभा राहिला तो त्यांचा तरुण विद्यार्थी, कोल्हापूरचे जयंत नारळीकर.

आता कल्याण. सिडनीच्या पॉट्स हिल इथे पाण्याच्या तलावाच्या काठाने ख्रिस ख्रिस्तियनसेन यांनी सहा-सहा फुटांच्या 32 डिश एका रांगेत लावल्या होत्या, सूर्य बघायला. काटकोनात दुसरी रांग टाकली, दिवसभर वेगवेगळ्या कोनांतून सूर्याच्या पट्ट्या घेतल्या आणि महिनोन्महिने हाताने आकडेमोड करून सूर्याचं रेडिओ चित्र काढलं, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. 1953 ला गोविंद स्वरूप, म्हणजे पुढे जीएमआरटी उभारणारे, शिकायला तिथे गेले. पुढे त्या डिश नको झाल्यावर स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या, सिडनीवाले द्यायलाही तयार झाले, आणि घोडं अडलं कशावर, तर बोटीचं भाडं कोणी भरायचं यावर! वर्षं गेली त्यात. डिश दिल्लीला आल्या तरी त्यांना हात लागेना, शेवटी होमी भाभांनी स्वरूप यांना मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बोलावलं आणि 1965 मध्ये त्याच 32 डिश कल्याणजवळ उभ्या राहिल्या, 24 पूर्व-पश्चिम आणि 8 दक्षिण-उत्तर. त्यांनी शांत काळातला सूर्य पाहिला. पण माझ्या मते त्याहून मोठं काम म्हणजे अँटेना जुळवणं, केबलची लांबी सांभाळणं, रिसीव्हर बनवणं हे सगळं इथल्या पोरांनी इथेच हात काळे करून शिकलं. ती मंडळी तयार झाली म्हणून 1970 ला टीआयएफआरची उटीची 530 मीटर लांबीची दुर्बीण झाली, तीही अशा डोंगरउतारावर जिथला चढ तिथल्या अक्षांशाइतकाच, 11 अंश, म्हणजे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर. चंद्राआड जाणारे स्रोत पाहून उटीने त्यांचे आकार मोजले आणि स्वरूप आणि विजय कपाही यांचे 1975 चे निष्कर्ष पुन्हा स्थिर विश्वाच्या विरोधातच गेले, आणि गंमत बघा, नारळीकर तेव्हा टीआयएफआरमध्येच होते. एकाच संस्थेत दोन्ही बाजू! हा सगळा मसाला सोडून लेख थेट जीएमआरटीच्या 30 डिशवर उडी मारतो.

तेव्हा दोन विनंत्या. एक, चौकटीतल्या 1936 च्या आकड्यावर दुरुस्ती छापा, कारण शाळेतली मुलं ही पुरवणी कापून प्रोजेक्टला चिकटवतात. दुसरी, कल्याणच्या त्या दुर्बिणीवर काम केलेले कोणी तुमचे वाचक असतील तर त्यांना लिहायला सांगा, डिश नेमक्या कोणत्या जागेवर होत्या तेही कळू दे, ठाणे आवृत्तीत अर्धं पान द्यायला हरकत नसावी.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली पूर्व