बिशपांच्या हातांत दिलेले हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅथलिक धर्मगुरूंच्या आज्ञापालनाला आपल्या अंकातील लेखाने लष्करी शिस्तीच्या पंक्तीला बसवले आहे, ते मला पटले नाही.

धर्मगुरू होण्याच्या, म्हणजे गुरुदीक्षेच्या, विधीत उमेदवार बिशपांसमोर गुडघे टेकतो, जोडलेले हात त्यांच्या हातांत देतो आणि त्यांना व त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांना आदर व आज्ञापालनाचे वचन देतो. यातला ‘उत्तराधिकारी’ हा शब्द लेखकाच्या नजरेतून निसटला असावा. आज कदाचित सेमिनरीतच, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकत असलेल्या कुणा अनोळखी माणसालाही हे वचन दिलेले असते. त्यामुळे ते बिशपांविषयीच्या आवडीनिवडीवर उभे राहूच शकत नाही. (बिशपांच्या धर्मप्रांतात काम करणारे धर्मगुरू वचन देतात; आज्ञापालनाचे व्रत घेतात ते जेझुइटांसारख्या व्रतस्थ संघांतले.)

आज्ञापालनाच्या लॅटिन शब्दाचे मूळ ‘ऐकणे’ यात आहे, आणि संत बेनेडिक्ट यांची मठवासीयांसाठीची नियमावली ‘ऐक’ याच शब्दाने सुरू होते. ऐकण्याचे हे बंधन वरिष्ठांवरही आहे. धर्मग्रामाच्या (एका स्थानिक चर्चच्या परिसराच्या) प्रमुख धर्मगुरूची बदली करायची असेल, तर चर्चच्या कायद्यानुसार बिशपांनी ती लेखी सुचवावी लागते. तो राजी नसेल तर त्याने आपली कारणे लेखी द्यायची आणि बिशपांनी दोन धर्मगुरूंसह ती तपासायची. एवढे होऊनही बदली कायम राहिली, तर पुस्तकांची खोकी बांधताना त्या माणसाच्या मनात जे चालते, तिथे खरी साधना सुरू होते.

फ्रेंच ईशज्ञानी इव्ह काँगार यांना १९५४ मध्ये अध्यापनातून दूर करून देशाबाहेर पाठवले गेले. ते गेले, पण मनातला कडवटपणा त्यांनी रोजनिशीत लपवला नाही. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या महासभेत, तेच तज्ज्ञ म्हणून बसले आणि १९९४ मध्ये कार्डिनल झाले. अर्थात, अशा गोड शेवटावरून आज्ञापालनाचे समर्थन करणे फार सोपे आहे; जेझुइट विचारवंत तेयार द शार्दँ १९५५ मध्ये वारले, तेव्हा वरिष्ठांची परवानगी नसल्याने त्यांचे प्रमुख तात्त्विक ग्रंथ छापलेही गेले नव्हते.

लेखकाच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचार दडपण्यासाठी आज्ञापालनाची ढाल पुढे केली गेली, हे नाकारता येणार नाही. पण पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले असून, कळवणाऱ्याला गप्प राहण्याची सक्ती करता येत नाही. एवढ्या मोठ्या लेखात या आदेशाचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

आपला,
एक वाचक