लिंक्ड लिस्ट शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलमधलं बरंचसं परीक्षा संपताच डोक्यातून गेलं. एक दुपार मात्र आजही नोकरीत उपयोगी पडते, म्हणून हे पत्र.

दोन लिंक्ड लिस्टमधला, म्हणजे डेटाचे डबे (नोड) एकमेकांना जोडून केलेल्या दोन साखळ्यांमधला, डेटा अदलाबदल करायचा, एवढाच प्रश्न होता. वर्गाचं उत्तर ठरलेलं: तिसरी तात्पुरती लिस्ट घ्या आणि कॉपी करा. तुम्ही ते खोडलं नाहीत. 'दोन्हींत लाख-लाख नोड असतील तर?' एवढंच विचारलंत. तीन लाख कॉपी! मग फळ्यावर बाण काढून दाखवलंत, की नोड मेमरीत आहेत तिथेच राहू द्यायचे, बदलायचे ते फक्त टोकांचे पॉइंटर, म्हणजे नोडचा पत्ता धरणारे बाण. दहा नोड असोत की दहा लाख, काम तेवढंच.

इथवर कोणीही शिकवतं. तुम्ही त्यापुढे जीसीसी या कंपायलरच्या सी प्लस प्लस लायब्ररीतला खरा कोड उघडलात, त्याचे हे आभार. तिथली लिस्ट गोलाकार असते आणि डेटा नसलेला, फक्त टोक दाखवणारा एक सेंटिनल नोड लिस्टच्या ऑब्जेक्टमध्येच बसलेला असतो. त्यामुळे दोन सेंटिनलचे पॉइंटर बदलून भागत नाही. पहिल्या नोडचा मागचा बाण आणि शेवटच्या नोडचा पुढचा बाण अजून जुन्याच सेंटिनलकडे बघत असतात, तेही वळवावे लागतात. त्यात एक लिस्ट रिकामी असली, की तिचा सेंटिनल स्वतःकडेच बोट दाखवतो. म्हणून कोडमध्ये तिच्यासाठी वेगळी वाट. शिवाय २०११च्या सी प्लस प्लस स्टँडर्डपासून (भाषेच्या अधिकृत नियमांपासून) लिस्टची साइझ लगेच सांगता आली पाहिजे, म्हणून नोडची मोजदादही बदलायची. फळा तेव्हा इतका भरला होता, की पुढच्या तासाचे सर दारात खोळंबले होते.

मध्यंतरी ऑफिसात एका सहकाऱ्याचं लूप थांबायचं नाव घेईना. त्याने एका लिस्टचे सुरुवातीचे आणि शेवटचे इटरेटर (लिस्टमधली जागा दाखवणारे खुणेचे बाण) आधीच धरून ठेवले होते, आणि मग ती लिस्ट दुसरीशी स्वॅप, म्हणजे अदलाबदल, केली होती. सुरुवातीचा इटरेटर त्याच नोडवर राहिला, पण तो नोड आता दुसऱ्या लिस्टचा झाला. शेवटचा मात्र जुन्याच लिस्टच्या सेंटिनलला चिकटून. लूप थांबायला दोघांची गाठ पडायला हवी, ती पडणार कशी? शेवटच्या इटरेटरबद्दल स्टँडर्डही हमी देत नाही. मी कागदावर तुमचे चौकोन आणि बाण काढले, आणि चहा यायच्या आत गुंता सुटला.

नव्या बॅचला हे शिकवत असाल, तर एक भर घाला ही विनंती. दोन लिस्टचे अ‍ॅलोकेटर (नोडसाठी मेमरी आणून देणारे आणि परत करणारे) वेगळे असतील आणि ते स्वॅपबरोबर बदलणारे नसतील, तर स्टँडर्ड पूर्ण हात झटकतं. पोरं फळ्यावर बाण अचूक काढतील, पण नोडची मेमरी कुणी कुणाला परत करायची हा प्रश्न त्या चित्रात दिसत नाही.

आपला,
मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी