विषय : पद्मिनीच्या गंजरोधक कामात बुजवलेली निचऱ्याची भोके

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी मे महिन्यात आपल्या वर्कशॉपमध्ये 'फुल बॉडी अँटीरस्ट ट्रीटमेंट'साठी दिली होती. पावसाळा संपल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासली. जे दिसले ते पाहता हे काम न केलेलेच बरे होते, असे म्हणावे लागते. गंज थांबवण्याच्या नावाखाली पाणी बाहेर पडण्याच्या वाटा आपण बंद केल्या आहेत.

सर्वांत गंभीर दोष दारांखालच्या लांब पेट्यांचा, म्हणजे सिलचा. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. बॉडीच भार पेलते आणि त्यातला मोठा वाटा या दोन पेट्यांचा असतो. पेटी कितीही बंद दिसली तरी आत पाणी येतेच. काही फ्लोअरच्या सांध्यातून झिरपते, काही दारांशेजारच्या खांबांच्या पोकळीतून उतरते, आणि दिवसा तापलेला पत्रा रात्री गार झाला की आतल्या दमट हवेतले दव जमते. म्हणूनच पेटीच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. आपल्या कारागिरांनी बिटुमेनचे (डांबरी) अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाचा लेप, मारण्याआधी ती खुंटीने तात्पुरती बंद करून घेतली नाहीत. दोन-तीन मिलिमीटरच्या थराखाली दोन्ही बाजूंची सगळी भोके गाडली गेली. डाव्या पेटीचे मागचे भोक तारेने मोकळे केले, तेव्हा सुमारे ७०० मिलिलिटर तपकिरी पाणी बाहेर आले. ते मोजून बाटलीत ठेवले आहे.

पावसाळ्याचे चार महिने हे पाणी तिथे काय करत होते, तेही लिहितो, कारण आपल्या सेवा प्रतिनिधीने फोनवर "जुन्या गाडीत गंज येणारच" असे उत्तर दिले. पेटीच्या तळाला दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्ड केलेले, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्यांनी जोडलेले, असतात. त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरले की तिथला ऑक्सिजन लवकर संपतो, बाहेरच्या भागात तो मिळत राहतो. या फरकामुळे फटीतला पत्रा आधी खाल्ला जातो. समुद्राकाठच्या हवेतले मीठ या पाण्यात विरघळले की वीज सहज वाहते आणि गंजाचा वेग वाढतो. शिवाय मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेते, त्यामुळे बाहेर ऊन पडले तरी फट ओलीच राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सांधा फुगतो आणि वेल्ड सुटू लागतात. बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तो अगदी शेवटी, पत्रा आतून चाळण झाल्यावर. भोके उघडी असती तर हेच पाणी गळून गेले असते. वयाचा दोष गाडीला द्या, पण साचलेल्या पाण्याचा नको.

कोटिंगचा क्रम आपल्यासारख्या वर्कशॉपला सांगावा लागू नये, तरी सांगतो. आधी पेटी आतून साध्या पाण्याने धुऊन मीठ आणि चिखल काढायचा. मग गरम हवेने, किमान दोन दिवस, पूर्ण वाळवायची. निचऱ्याच्या प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोकायची. वरच्या सांध्यांना सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप) लावायचे, पण तळाच्या निचऱ्याच्या फटीला मुळीच नाही. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर अंडरकोटिंग. ते सुकले की खुंट्या काढून लवचिक नळीच्या, चहूबाजूंनी फवारणाऱ्या नोझलने आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीतल्या पत्र्यावर बसणारे गंजरोधक मेण, मारायचे, नळी सावकाश मागे ओढत. वॅक्स भोकांतून ठिबकताना दिसले पाहिजे. दुसऱ्या दिवशी तार घालून प्रत्येक भोक पुन्हा मोकळे करायचे, कारण वॅक्सही भोक बुजवते. एवढ्या गाडीच्या पेट्या, दारे, खांब, बोनेट आणि डिक्कीच्या कडा धरून चार-पाच लिटर वॅक्स सहज लागते. आपल्या बिलात ५०० मिलिलिटरचे दोनच कॅन आहेत. एंडोस्कोप, म्हणजे भोकातून आत जाणारा बारीक नळीचा कॅमेरा, घातला तर उजव्या पेटीत वॅक्सचा थेंबही दिसत नाही. डाव्या पेटीत आहे, पण न वाळवलेल्या गंजावर मारल्याने पापुद्र्यासारखे सुटून पाण्यावर तरंगत होते.

आता दारे. काचेच्या बाहेरच्या कडेच्या रबरातून दारात पाणी जाणे हा दोष नाही. पद्मिनीच्या पुढच्या दारांना फिरणारी तिकोनी काच असते, तिच्या खुंटीपाशीही पाणी झिरपते. ते दाराच्या तळाच्या भोकांतून खाली पडावे अशीच रचना आहे. आपण दाराच्या तळाची कड सीलर भरून 'फिनिश' केली. पुढच्या डाव्या दारात एक लिटर पाणी ओतून पाहिले, खाली एक थेंब आला नाही. दार आपटले की आत पाणी खळखळते. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडलेली असते, आणि हे पाणी त्या दुमडीतच बसते.

दाराच्या आतल्या बाजूच्या ट्रिमच्या पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागदही परत लावलेला नाही. तो शोभेचा नाही. त्याची खालची कड आतल्या पत्र्याच्या खाचेत, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला वळवलेली हवी, म्हणजे पाठीवरून उतरणारे पाणी पुन्हा दारात पडते. तो नसल्याने पुठ्ठा फुगला, पाणी फ्लोअरवर आले आणि गालिच्याखालच्या ज्यूटच्या गादीने ते शोषून धरले. वरून गालिचा कोरडा लागतो, खाली पत्रा महिनाभर ओला असतो.

पुढच्या काचेच्या रबराखाली आपण साधे बांधकामाचे सिलिकॉन भरले आहे. रबर उचलले की व्हिनेगरचा वास येतो. हे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडते, म्हणजे उघड्या लोखंडावर आम्ल लावल्यासारखे झाले. तिथे न सुकणारे ब्युटिल मॅस्टिक, म्हणजे मऊ रबरी लांबी, हवे होते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंगही धरत नाही, खड्डे पडतात.

उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाची जाडी मोजली तर २,४०० मायक्रॉन भरते, छतावर १२० च्या आसपास. लोहचुंबक चिकटत नाही. म्हणजे भोक वेल्ड न करता पुट्टीने बुजवले आहे. पॉलिएस्टर पुट्टीत टाल्क असते, ती मागून पाणी शोषते. चार महिन्यांत फोड आलेच. इथे निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून वीस गेजचा तुकडा वेल्ड करणे आणि मागच्या बाजूनेही प्रायमर व वॅक्स देणे, एवढाच मार्ग आहे.

जाता जाता, आपण भेट म्हणून दिलेले पीव्हीसीचे कव्हर परत पाठवत आहे. ओल्या गाडीवर हवा न जाणारे कव्हर घालणे म्हणजे तिला वाफेवर ठेवणे. आपल्या माहितीपत्रकात 'पावसाळ्यात गाडी सतत झाकून ठेवा' असे छापले आहे. ते वाक्य काढून टाकावे, निदान इतर गाड्या तरी वाचतील.

माझी मागणी अशी. पेट्या, दारांच्या कडा आणि काचेभोवतीचे चुकीचे साहित्य आपल्या खर्चाने काढावे. दोन्ही पेट्यांची आतून एंडोस्कोप तपासणी माझ्यासमोर करावी. सुटलेले वेल्ड आणि खाल्लेला पत्रा बदलावा, कमानीचे काम नव्याने करावे, आणि वर दिलेल्या क्रमाने प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे द्यावीत. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी, म्हणजे काम दुसरीकडे करून घेता येईल. या गाडीचा पत्रा प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आता येत नाही. वाया गेलेला प्रत्येक तुकडा हाताने घडवावा लागतो, हे नुकसानीचा हिशेब करताना लक्षात घ्यावे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तोवर दारांची आणि पेट्यांची भोके मी फक्त तारेने मोकळी केली आहेत, बाकी कशालाही हात लावलेला नाही. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक दारात आणि पेटीत एक-एक लिटर पाणी ओतून बघितले जाईल. ते दोन मिनिटांत खाली पडले तरच कामाच्या पावतीवर सही करीन.

आपला,
ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, एंडोस्कोपची छायाचित्रे, रंगाच्या जाडीच्या नोंदी, पीव्हीसी कव्हर