जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात देवराईलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार करताना देवळाभोवतीची देवराई (देवाच्या नावाने राखलेले जुने रान) तोडली जाते आणि ही तोड बहुतेक वेळा श्रद्धेच्याच नावाने होते, याकडे गावोगावच्या देवस्थान समित्यांचे आणि मुंबई-पुण्यातील ग्रामविकास मंडळांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हवामानबदलाच्या संकटात धर्मसंस्थांनी पुढे यावे असे आवाहन आता सर्वत्र होते आणि ते योग्यही आहे. परंतु आपल्याकडे या कामासाठी नवी मोहीम आखण्याआधी, पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने राखलेले जे हातात आहे ते राखणे हे पहिले काम आहे, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. वाघजाई, काळकाई, सोमजाई, रवळनाथ, भैरी अशा देवतांच्या नावाने राखलेल्या या रायांमध्ये कुऱ्हाड चालवायची नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा दंडक कोणत्याही सरकारी अधिसूचनेशिवाय पाळला गेला. एखाद्या गरजवंताला घराच्या वाशासाठी लाकूड हवेच असेल, तर गुरवाने गाऱ्हाणे घालायचे, देवाचा कौल घ्यायचा आणि मिळाला तरच एखादे झाड उतरवायचे. १९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या रायांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावचे ग्रामस्थ आपली राई तोडीपासून वाचावी म्हणून धडपडत होते, कारण गावाचा पाण्याचा झरा त्या राईतून वाहत होता. देवाचा धाक आणि पाण्याची गरज या दोन गोष्टी गावकऱ्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. त्या वेगळ्या करून पाहण्याची सवय आपल्याला नंतर लागली.

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि अनेक ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक धनगरवाड्यांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या असल्याने पावसाचे पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. ते थोपवून जमिनीत मुरवण्याचे काम जुन्या झाडीखालची माती करते. जूनमधली पहिली मोठी सर येऊन गेल्यावर एखाद्या राखलेल्या राईत जाऊन पाहावे: बाहेरच्या वाटेवर तांबडे गढूळ पाणी लोंढ्याने वाहत असते, तर आत पानांच्या घोटाभर थरावर पाऊल टाकले की तो दबतो, पण पाणी वाहताना दिसत नाही. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण यांची मुळे, त्यांच्यावर चढलेल्या गारंबीच्या मांडीएवढ्या वेली आणि खालचा हा कुजणारा पाचोळा मिळून पाणी धरून ठेवतात आणि पुढचे कित्येक महिने ते पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, सोडतात. पाऊस आता कमी दिवसांत आणि जास्त जोराने कोसळू लागला आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. या दुर्घटना केवळ झाडे नसल्याने घडल्या असे म्हणणे अतिसुलभ ठरेल. मात्र असा पाऊस यापुढेही येणार हे गृहीत धरून जगायचे असेल, तर उतारावरची जुनी झाडी ही गावाच्या संरक्षणाची पहिली फळी आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

आता जीर्णोद्धार प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. संगमेश्वर तालुक्यातील माझ्या परिसरात मी तो जवळून पाहिला आहे. जांभ्या दगडाचे, कौलारू, लाकडी खांबांचे देऊळ गळू लागते. दुरुस्तीपेक्षा नवे बांधू, असा विचार मूळ धरतो. मुंबईचे मंडळ वर्गणी जमवू लागते, पण आरसीसी मंदिर, शिखर, सभामंडप आणि संगमरवरी लाद्या यांचा खर्च वर्गणीत भागत नाही. मग कोणीतरी सुचवते की राईतील काही झाडे देवाचीच आहेत, तेव्हा ती देवाच्याच कामी येऊ देत. लाकूड व्यापाऱ्याशी एकगठ्ठा व्यवहार ठरतो. जेसीबीला वाट हवी म्हणून आणखी काही झाडे जातात, सभामंडपासाठी मोकळी जागा हवी म्हणून आणखी काही, आणि पुढे गाड्या लावायला जागा हवी म्हणून उरलेल्यांपैकीही काही. शेवटी अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात आणि ज्या खळग्यात पाणी झिरपत असे त्यावर सिमेंटचा कोबा पडतो. आमच्याकडे एका राईतील पऱ्या, जो पूर्वी शिमग्यापर्यंत सहज वाहत असे, तो राई विरळ झाल्यानंतर मकर संक्रांतीच्या सुमारासच आटू लागला. याच्या मागे इतर कारणेही असतील. पण गावातील वृद्ध माणसे नेमके कारण कोणते ते बोलून दाखवतात, आणि त्यांचे म्हणणे मोडून काढण्याजोगे काही मला दिसलेले नाही.

या साऱ्यात कोणाचा हेतू वाईट नसतो, हे मी मुद्दाम नोंदवतो. गिरणगावातल्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला आपल्या देवीचे देऊळ देखणे असावे असे वाटणे हे श्रद्धेचेच लक्षण आहे. तोडीआधी कौल घेतला होता, असेही अनेक ठिकाणी सांगितले जाते. परंतु कौल हा एका माणसाच्या एका गरजेसाठी मागण्याचा रिवाज होता. ठेकेदाराला शंभर-दोनशे झाडे देण्यासाठी त्याचा आधार घेणे हे त्या रिवाजाच्या मुळाशी विसंगत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय जुन्या जाणत्यांना विचारले तर ते सांगतात की देवीचा वास राईत असतो, चार भिंतींत नव्हे. कित्येक जुन्या रायांमध्ये देवतेच्या डोक्यावर छप्परही नसे आणि ते घालायचे नाही असा देवतेचाच आदेश असल्याचे मानले जाई.

श्रद्धेच्या बळावर जंगल आजच्या काळातही राखता येते, याचे मोठे उदाहरण उत्तर इथिओपियात आहे. तेथील मूळचे जंगल शेती आणि चराईपायी जवळजवळ नाहीसे झाले आणि उरले ते ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चच्या प्रार्थनास्थळांभोवतीचे हिरवे तुकडे. गुरे आत शिरून रोपे खात होती, म्हणून अलेमायेहू वासी आणि मेग लोमन या शास्त्रज्ञांनी धर्मगुरूंशी बोलणी केली, आणि गावकऱ्यांनी शेतातून वेचलेले दगड रचून चर्चच्या रानाभोवती गडगे घातले. गुरांचा शिरकाव थांबल्यावर आत नवी रोपे तग धरू लागली. कोकणातील माणसाला जांभ्याचा गडगा कसा घालायचा हे कोणी शिकवायला नको.

आपल्या राज्यातही उदाहरणे आहेत. वसईचा हरित पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसई आंदोलनाचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो या कॅथलिक धर्मगुरूंनी केले, आणि धमक्यांना न जुमानता सर्व धर्मांचे वसईकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, हे बहुतेकांना आठवते; वसईच्या विहिरी आणि वाड्या यांच्यासाठी त्यांनी जे सोसले, ते तितक्याच आदराने आठवायला हवे. शिर्डीच्या साईसंस्थानाने २००९ साली ७३ सौर तबकड्यांच्या वाफेवर प्रसादालयाचा स्वयंपाक सुरू केला. एवढी ऐपत गावच्या देवळाची नसते, आणि त्याला तशी आवश्यकताही नाही. त्याच्याकडे राई आहे.

सिंधुदुर्गाने तर वाट दाखवूनच दिली आहे. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे देवाच्या नावाने राखलेल्या राईत रानजायफळाची दलदल टिकून आहे. बारमाही गोड्या पाण्यात उभी असलेली ही झाडे श्वास घेण्यासाठी आपली मुळे गुडघ्यासारखी वाकवून चिखलाबाहेर काढतात. अशी दलदल महाराष्ट्रात अत्यंत दुर्मीळ आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी, मंदिराच्या पाण्यात राहणारा एक छोटासा मासा २०२० मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. ही दोन्ही स्थळे २०२१ मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळे म्हणून घोषित केली. शास्त्रज्ञ तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून ती राखली होती ती देवाला मानणाऱ्या गावकऱ्यांनी. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आपल्या राईसाठी असा प्रस्ताव पुढे नेऊ शकते, याची माहिती मात्र फार थोड्या देवस्थानांना आहे.

माझी मागणी दोन संस्थांकडे आहे. पहिली, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील सुमारे तीन हजार मंदिरे या समितीच्या अखत्यारीत येतात. जीर्णोद्धाराला संमती देताना समितीने राईची हद्द मोजून नकाशावर आखून घ्यावी, लाकूडविक्रीचे उत्पन्न बांधकामाच्या निधीत धरलेले अंदाजपत्रक परत पाठवावे आणि झरा, कोंड किंवा तळी यांच्यावर काँक्रीट घालण्यास मनाई करावी. रत्नागिरी आणि रायगडमध्ये बऱ्याच राया महसुली किंवा सामाईक जमिनींवर आहेत. तिथे हीच अट ग्रामसभेला ठरावाद्वारे घालता येईल.

दुसरी मागणी मुंबईच्या मंडळांकडे आहे, कारण पैसा तिथून येतो आणि पैशाबरोबर आराखडाही तिथूनच येतो. देऊळ लहान ठेवावे. जांभा, लाकूड आणि कौले वापरून जुन्याच घडणीचे देऊळ पुन्हा उभे करता येते, ते उन्हाळ्यात थंडही राहते, आणि ते काम जाणणारे सुतार व गवंडी अजून गावागावांत आहेत. सभामंडप राईबाहेर, शाळेजवळ किंवा पडीक जागेवर बांधावा. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुप्पट झाडे लावू, हे आश्वासन कृपा करून देऊ नये. आजवर अशा भरपाईत ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि गिरिपुष्प यांची रांगेत लावलेली रोपेच बहुधा वाट्याला आली आहेत. ज्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते, ती ढोली तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. राई विरळ झालीच असेल, तर त्याच राईत पडलेल्या बिया गोळा करून गावातच रोपे करावीत, गुरे आणि वणवा यांच्यापासून पाच-सहा वर्षे जागा राखावी आणि बाकी सारे राईवर सोडून द्यावे.

यंदा मे महिन्यात चाकरमानी गावी आल्यावर ज्या ज्या देवळात जीर्णोद्धाराची बैठक भरेल, तिथे वर्गणीची रक्कम ठरण्यापूर्वी सर्वांनी गुरव आणि मानकऱ्यांसह एकदा राईतून फेरी मारावी, जुनी झाडे आणि पाण्याच्या जागा वहीत नोंदवाव्यात आणि अंदाजपत्रकात गडग्यासाठी व राखणदाराच्या मानधनासाठी स्वतंत्र रक्कम धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या गावांनी आपली राई आजवर अबाधित ठेवली आहे, त्यांनी आपला अनुभव या सदरातून लिहून कळवला तर शेजारच्या गावांना त्याचा मोठा आधार होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक
देवरुख, जि. रत्नागिरी